रमाबाईंची अमेरिका

मिरजेहून पंढरपूरच्या दिशेने निघाले की कृष्णाकाठची दाट हिरवाई हळूहळू मागे पडते आणि कवठे महांकाळ येईपर्यंत मोकळा माळ सुरू होतो. महांकाली देवीच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले. म्हैसाळ योजनेच्या पाण्याने या भागाचे रूप पालटले. द्राक्षबागा वाढल्या, बेदाण्याच्या शेड उभ्या राहिल्या. १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांची जागा ब्रॉडगेजने घेतली आणि रत्नागिरी-नागपूर महामार्गाने मोटारींचा वेग वाढवला. तरीही आषाढी-कार्तिकीच्या सुमारास या परिसरातून पंढरीची वाट धरलेल्या दिंड्या पायीच चालताना दिसतात.

याच भागातील काही घरांतली मुले आता अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. आई-वडील भेटीला गेले की मुले हौसेने त्यांना मोटारीतून देश दाखवतात. शिकागो सोडून पश्चिमेची वाट धरली की आयोवा आणि नेब्रास्का ही राज्ये लागतात. तासन् तास दोन्ही बाजूंना मक्याची शेते, मधूनच धान्याची उंच कोठारे, एखादे छोटे गाव आणि वर भले मोठे आभाळ. नेब्रास्कात हा महामार्ग बराच काळ प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जातो. त्याच खोऱ्यातून १८६० च्या दशकात अमेरिकेच्या पहिल्या आंतरखंडीय रेल्वेचे रूळ टाकले गेले होते. मोटारी येण्यापूर्वी, त्या आगगाडीच्या युगात, एका मराठी स्त्रीने तो अफाट देश या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पाहिला आणि त्याविषयी मराठीत ग्रंथ लिहिला. तिचे नाव पंडिता रमाबाई. पायी चालणाऱ्या यात्रेकरूंची वाट आणि अमेरिकेतली आगगाडी या दोन्हींचा अनुभव तिच्या एकाच आयुष्यात सामावला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा दंडक असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या धाकट्या मुलीला दिली. रमा अगदी लहान असतानाच या कुटुंबाने घर सोडले. तीर्थक्षेत्री जावे, देवळात पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या गावी निघावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रमाबाईंचे बालपण अशा वाटेवरच सरले. शाळा नव्हती, सवंगडी नव्हते. होते ते आईच्या तोंडचे पाठ आणि पायांखालची वाट.

पुढे दुष्काळ आला आणि पुराण ऐकायला येणाऱ्यांच्याच घरी अन्न उरले नाही. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास दोघेच मागे राहिले. त्या दोघांनी पुढची काही वर्षे हिंदुस्थान पायी पालथा घातला. हजारो मैलांच्या या वाटचालीत त्यांनी देवळे पाहिली, नद्या पाहिल्या. त्याहून अधिक त्यांच्या नजरेला पडल्या त्या ठिकठिकाणच्या विधवा, टाकलेल्या बायका आणि भुकेली मुले. प्रवासात काय पाहावे, याची रमाबाईंची दृष्टी येथे घडली.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. विशीतल्या या मुलीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वान थक्क झाले आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात आणि प्रांत यांची बंधने ओलांडून विवाह केला. मुलगी मनोरमा झाली. परंतु १८८२ च्या प्रारंभी पटकीने पतीचाही अंत झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी, तान्ह्या मुलीसह, त्या स्वतःच विधवांच्या त्या मोठ्या समुदायात येऊन उभ्या राहिल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आणि हंटर आयोगापुढील साक्ष ही सारी या एका वर्षातली कामे. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची आणि स्त्री शिक्षकांची नितांत गरज आहे, हे त्यांनी आयोगापुढे निक्षून मांडले. वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने डॉक्टर होणे साधले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि महाराष्ट्रातील त्यांच्या अनेक चाहत्यांना मोठा धक्का बसला.

अमेरिकेचे निमंत्रण आले ते आनंदीबाई जोशी यांच्यामुळे. रमाबाईंच्या नात्यातल्याच असलेल्या आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. त्यांच्या पदवीदान समारंभास यावे, असे महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंना कळवले. फेब्रुवारी १८८६ मध्ये लिव्हरपूलहून निघालेल्या रमाबाई वादळी समुद्र ओलांडून मार्चच्या पहिल्या आठवड्यात फिलाडेल्फियास उतरल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्या सभागृहात दोन मराठी स्त्रिया होत्या. एक डॉक्टर होत होती आणि दुसरी ते डोळे भरून पाहत होती. आनंदीबाई त्याच वर्षी मायदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने वारल्या.

काही महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई मात्र जवळपास पावणेतीन वर्षे राहिल्या. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत त्याचा मोठा बोलबाला झाला. मग व्याख्यानांचा दौरा सुरू झाला. पांढरे पातळ नेसलेली, शाकाहार न सोडलेली ही ठेंगणी स्त्री शहरोशहरी उभी राही आणि हिंदुस्थानातील बालविधवांसाठी एक शाळा हवी आहे, एवढेच मागे. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. दहा वर्षे शाळेला आर्थिक साहाय्य करण्याची हमी त्याने घेतली. गावोगावी रमाबाई मंडळे निघाली आणि असंख्य सामान्य बायकांनी दर वर्षी थोडेथोडे पैसे देण्याचे कबूल केले.

पूर्व किनाऱ्यावर उतरलेल्या रमाबाई परतीच्या बोटीत बसल्या त्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोला. मधला सारा खंड त्यांनी आगगाडीने ओलांडला. तो काळ अमेरिकेच्या मध्यभागासाठी मोठ्या उलथापालथीचा होता. १८७१ च्या आगीत बेचिराख झालेले शिकागो पुन्हा उभे राहून धान्याची, लाकडाची आणि जनावरांची अफाट बाजारपेठ बनले होते. त्याच्या पश्चिमेला झाडे विरळ होत आणि गवताळ सपाटी सुरू होई. लाकूड मिळेना म्हणून तेथील वसाहतकरी गवतमातीचे लगदे रचून घरे बांधत. निसर्गही निष्ठुर होता. रमाबाई अमेरिकेत असतानाच, १२ जानेवारी १८८८ रोजी, नेब्रास्का आणि डाकोटाच्या सपाटीवर अकस्मात हिमवादळ कोसळले. शाळेतून घरी निघालेली अनेक मुले त्यात गोठून मेली.

अशा या उघड्या मुलखात स्त्रियांनी मात्र पूर्वेकडच्या जुन्या शहरांनाही मागे टाकले होते. ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयाने १८३७ मध्येच मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश दिला. आयोवाच्या विद्यापीठाचे दार १८५५ पासून स्त्रियांना खुले होते. वायोमिंगच्या प्रांताने १८६९ मध्ये स्त्रियांना मताचा अधिकार दिला. कॅन्ससने १८८७ मध्ये नगरपालिकेपुरता तो दिला आणि त्याच वर्षी तेथील आर्गोनिया या लहानशा गावाने सुझॅना सॉल्टर या तरुण स्त्रीला महापौर निवडले. मद्यपानाविरुद्ध उभी राहिलेली स्त्रियांची मोठी संघटनाही याच भागातली. १८७४ मध्ये ओहायोत जन्मलेल्या या संघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावी राहत. त्यांच्याशी रमाबाईंचा चांगला स्नेह जुळला. सामान्य गृहिणी सभा चालवतात, हिशेब ठेवतात, वर्तमानपत्र काढतात आणि सरकारला कायदा बदलायला लावतात, या गोष्टीचे रमाबाईंना सर्वाधिक अप्रूप वाटले.

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नायगाऱ्याचा धबधबा, बर्फ, आगगाड्या यांची वर्णने त्यात आहेतच. परंतु ग्रंथाचा मोठा भाग राज्यपद्धती, घरसंसार, शिक्षण, धर्मादाय संस्था, व्यापार आणि विशेषतः स्त्रियांची स्थिती यांना दिलेला आहे. एखाद्या देशात पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर वेगळे होते. तेथे मुलींची शाळा कशी चालते, अनाथांना कोण सांभाळते, गुन्हेगाराला कसे वागवतात, हे त्यांच्या लेखी स्थलदर्शन होते.

म्हणून त्या भारावून गेल्या असे मात्र नाही. मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेले अत्याचार आणि गुलामगिरी संपल्यानंतरही काळ्या माणसांच्या वाट्याला येणारा भेदभाव त्यांनी परखडपणे नोंदवला. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांची त्यांनी मुद्दाम भेट घेतली. पाखरे मारून त्यांच्या पिसांनी टोप्या सजवणाऱ्या बायकांनाही त्यांनी सोडले नाही. ब्रिटिश अमलाखालील वाचकांपुढे एका लोकसत्ताक देशाचे इतके बारकाईने चित्र मांडताना, ज्या देशाने एकेकाळी ब्रिटिशांचेच जोखड फेकून दिले होते तो देश त्यांनी निवडला, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे.

नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सोडून, जपान आणि हाँगकाँगमार्गे, त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईत पोहोचल्या. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, गिरगाव चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. तेथे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन दिलेले असल्याने टीकाकारांचा आक्षेप निराधार नव्हता. आपली उपासना चोरून करावी हे रमाबाईंना पटणारे नव्हते. या वादाचा एक परिणाम मात्र दूरवर झाला. त्यांच्या नावाबरोबर त्यांचा अमेरिकेवरील ग्रंथही मराठी वाचकांच्या नजरेआड गेला.

रमाबाई थांबल्या नाहीत. पुण्याच्या पूर्वेला, दौंडजवळच्या केडगावच्या कोरड्या माळावर त्यांनी जमीन घेतली आणि विहिरी खणल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील स्त्रिया आणि मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण, बालोद्यान, सारे तेथे होते आणि ते बायकाच चालवत. अमेरिकेत पाहिलेल्या गोष्टी त्यांनी अशा रीतीने माळावर रुजवल्या. अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचा सोपा मराठी अनुवाद करण्यात गेली. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावात देह ठेवला. त्यांची संस्था आजही तेथे कार्यरत आहे.

कवठे महांकाळच्या माळाला जसे कृष्णेचे पाणी बाहेरून उचलून आणावे लागले, तसेच काहीसे केडगावच्या माळावरचे हे काम होते. दुष्काळाने ज्या मुलीचे आई-वडील नेले, तिने जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेथील शहाणपण पारखून घेतले आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींच्या दारी आणून ठेवले. आज मुलांच्या मोटारीतून नेब्रास्काची सपाटी ओलांडणाऱ्या मराठी आई-वडिलांनी छायाचित्रे जरूर काढावीत. मात्र वाटेवरच्या एखाद्या गावी थांबून तेथील शाळा, वाचनालय, वृद्धांची व्यवस्था यांकडेही एक नजर टाकावी. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी या मुलखातून गेलेल्या आपल्याच भाषेतील एका स्त्रीने पाहण्यासारखे म्हणून तेच निवडले होते.