कुंभा वृक्ष आणि डॉक्टर विल्यम केरी

आपल्या कर्जत-खालापूरच्या रानांत कुंभा नांवाचा वृक्ष आहे. त्याचीं पानें थंडीच्या दिवसांत तांबूस होऊन गळतात आणि पुढें मोठमोठीं, केसरांनीं भरलेलीं फुलें येतात. त्याच्या सालीच्या वाखाची वात पूर्वीं तोड्याच्या बंदुकीस लावीत. ठाकूर व कातकरी मंडळींस हा वृक्ष पूर्ण परिचित आहे. शास्त्रज्ञ मात्र त्यास केरिया आर्बोरिया म्हणतात. हा केरी कोण?

विल्यम केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. लहानपणीं झाडें, किडे व पक्षी यांनीं त्यांची खोली भरलेली असे. घरची गरिबी असल्यामुळें ते चौदाव्या वर्षाच्या सुमारास चांभारकाम शिकूं लागले. काम करतां करतांच त्यांनीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा साध्य केल्या. १७९३ सालीं ते मिशनरी होऊन बंगाल्यांत आले, ते पुन्हां मायदेशीं गेलेच नाहींत. श्रीरामपूर येथें राहून त्यांनीं वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं कोश प्रसिद्ध केला. ह्या उपकाराचें स्मरण आपण ठेविलेंच पाहिजे.

श्रीरामपुरास त्यांनीं सुमारें पांच एकरांची बाग केली व तींतील झाडें लिनीअसच्या पद्धतीप्रमाणें लाविलीं. स्वीडनचा हा पंडित १७५३ च्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें नांव देऊन गेला होता. पहिला शब्द कुळीचा, दुसरा जातीचा. आपला कुंभा हिंदींत कुंभी होतो. पण शास्त्रीय नांव सर्व देशांत एकच. केरिया आर्बोरिया हा वृक्ष, तर त्याच कुळींतील केरिया हर्बेसिया हें लहानसें झुडूप. लिनीअसची वर्गवारी पुढें मागें पडली, परंतु दोन शब्दांची रीत आजही चालू आहे.

कलकत्त्याच्या सरकारी बागेचे अधिकारी डॉक्टर रॉक्सबर्ग यांनीं आपल्या ह्या मित्राचें नांव त्या कुळीस दिलें. केरींनींही मैत्रीचें ऋण फेडलें. रॉक्सबर्ग १८१५ सालीं वारले. त्यांचा हिंदी वनस्पतींवरील ग्रंथ हस्तलिखितांतच राहिला होता. तो १८३२ सालीं तीन भागांत केरींनीं छापून काढिला. 

त्यांच्यावर संकटेंही आलीं. १८१२ सालीं छापखान्यास आग लागून कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें भस्म झालीं. १८२३ सालीं पुरानें बाग बुडविली. दोन्ही वेळां त्यांनीं ईश्वरावर भरंवसा ठेवून पुन्हां प्रारंभ केला. ९ जून १८३४ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थीमित्रहो, कुंभा पाहाल तेव्हां त्याचीं दोन्ही नांवें घ्या. एक रानांत राहणाऱ्यांनीं दिलेलें आहे, दुसरें जगभरच्या शास्त्रज्ञांनीं मानलेलें आहे. ज्यास झाडाचें नांव ठाऊक असतें, त्याच्या हातून त्यावर कुऱ्हाड सहज पडत नाहीं. सृष्टिकर्त्यानें पहिल्या मानवास प्राण्यांचीं नांवें ठेवावयास सांगितलें, असें शास्त्रांत लिहिलें आहे. जें काम त्यास सोंपविलें होतें, तें अद्यापि पुरें झालेलें नाहीं.