शेठ वालचंद हिराचंद आणि स्वदेशी मोटार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या मोजक्या पुरुषांनी भारतीय उद्योगाचा पाया घातला, त्यांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी आहे. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात तयार व्हावीत, असा ध्यास घेतलेला हा पुरुष एका धर्मनिष्ठ दिगंबर जैन घराण्यात जन्मला. त्यांच्या जहाजांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मोटारीची कथा त्यामानाने कमी सांगितली जाते. वस्तुतः देशी गाडी घ्यावी की परदेशी, आणि मुळात देशी गाडी म्हणजे काय, या आज घरोघरी होणाऱ्या चर्चेचे मूळ त्याच कथेत सापडते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातृछत्र हरपले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे कापसाचे व सावकारीचे व्यवहार सांभाळून समाजकार्यात रमणारे गृहस्थ होते. ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे ते आद्य संपादक. शिक्षणप्रसार आणि धर्मग्रंथांचे प्रकाशन या कार्यांमुळे दक्षिणेतील जैन समाजात त्यांना मोठा मान होता. वालचंदांनी मुंबईस व पुण्यास महाविद्यालयीन शिक्षण घेतले, परंतु पदवी पूर्ण केली नाही. पेढीवरच्या गादीवरही त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून आलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. पिढीजात व्यापार सोडून माती-दगडाच्या कामात शिरणे हे त्या काळी वणिक घराण्यातील मुलासाठी धाडसच होते. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरविणारी तानसा जलवाहिनी अशी मोठमोठी कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली.

पहिले महायुद्ध संपताच १९१९ साली नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. मालेगावजवळचे रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळंबचे वालचंदनगर येथे त्यांनी ऊस व साखर यांचा संसार उभा केला. नीरेच्या कालव्यावरील त्या माळरानाचे जे झाले, तेच प्रवरेच्या कालव्याने आपल्या परिसराचे केले. त्यामुळे देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यातील वाचकांना त्या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता मोटारीकडे वळू. १९२० व १९३० च्या दशकांत भारतात धावणारी प्रत्येक मोटार परदेशी होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला. फोर्डनेही जुळणीची केंद्रे उघडली. पण तेथे मोटार तयार होत नव्हती, केवळ जोडली जात होती. लाकडी खोक्यांतून सुटे भाग बोटीने येत, येथील कामगार ते बोल्टने आवळत, रंग देत आणि गाडी विक्रीस निघे. इंजिन ओतण्याची, दाते कापण्याची, पोलाद दाबून पत्रा घडविण्याची विद्या येथील कारागिराच्या हाती येत नसे. वालचंदांचा आक्षेप नेमका येथे होता. परदेशी मोटारीचा त्यांना तिटकारा नव्हता. ते स्वतः हौशीने परदेशप्रवास करीत, तेथील यंत्रे बारकाईने पाहत. ग्राहकाने परदेशी गाडी घेऊ नये असा उपदेश करण्यापेक्षा, त्याला घेण्याजोगी गाडी येथे घडविणारी भट्टी व यंत्रशाळा उभारावी, हा त्यांचा मार्ग होता. परदेशी माल होळीत टाकणाऱ्यांच्या काळात ही स्वदेशीची काहीशी निराळी समजूत म्हटली पाहिजे.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना आखली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने या योजनेस सहानुभूतीने पाठिंबा दिला, पण १९३९ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळच पायउतार झाले. दरम्यान वालचंदांनी अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणी सुरू करताच एक चमत्कारिक अडचण पुढे आली. ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक बाजारपेठ फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे वाटून दिलेली होती आणि हिंदुस्थान त्याच वाटणीत मोडत होता. म्हणजे सोलापूरच्या उद्योजकाला मुंबईत गाडी बनवायची, तर परवानगी कॅनडात मागावयाची! जागतिकीकरण हा शब्द रूढ होण्यापूर्वी अर्धशतकभर जगाची वाटणी कशी झालेली होती, याचे हे बोलके उदाहरण आहे. ती बोलणी फिसकटली. अखेर १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार झाला. तंत्र व परवाना त्यांचा, भांडवल व मालकी भारतीयांची, हे सूत्र वालचंदांनी सोडले नाही.

करार हाती आला, तरी हिंदुस्थान सरकारची संमती मिळेना. युद्ध सुरू झाले होते. यंत्रसामग्रीसाठी डॉलर नाहीत, बोटींत जागा नाही, मोटार कारखाना युद्धकार्यात मोडत नाही, अशी कारणे पुढे करण्यात आली. मैसूर संस्थानाच्या साहाय्याने कारखाना काढण्याचा प्रयत्नही वरिष्ठ सरकारच्या नकारामुळे अडला. त्याच काळात सैन्यासाठी लागणारी वाहने मात्र परदेशी कंपन्यांकडून हजारोंनी येत होती. यातला विरोधाभास असा, की मोटारीच्या कामासाठी केलेल्या अमेरिकावारीहून परतताना पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना उभा राहिला. मोटारीला नाकारलेली संमती विमानाला मिळाली, कारण विमान साम्राज्याला तातडीने हवे होते. पुढे १९४२ मध्ये सरकारने तो कारखाना आपल्याकडे घेतला. विशाखापट्टणच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला जून १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. मोटार मात्र अजून कागदावरच होती.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला गेला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, तेथून वाहने बाहेर पडू लागली. डॉज, प्लिमथ, डी-सोटो या मोटारी आणि फार्गो हे मालवाहू ट्रक क्रायस्लरच्या परवान्याने तयार होत. आरंभी येथेही परदेशी सुटे भागच जोडले जात, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. फरक इतकाच की एकेक भाग देशात बनविण्याचा कार्यक्रम कंपनीने हाती घेतला. त्यासाठी छोट्या कारखानदारांना नमुने द्यावे लागले, ओतकाम व दाबकाम शिकवावे लागले, सदोष माल परत करून पुन्हा करवून घ्यावा लागला. हे काम चटकन होणारे नव्हते आणि त्यात नफाही लवकर दिसत नव्हता.

या उभारणीच्या ऐन भरात, १९४९ मध्ये, वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी जकात आयोगाने मोटार उद्योगाविषयी शिफारस केली, की ज्यांच्याकडे देशात सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच येथे काम करू द्यावे. ती शासनाने स्वीकारली आणि १९५४ पर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी आपली जुळणी केंद्रे बंद केली. जे मागणे वालचंदांनी वर्षानुवर्षे केले, ते मान्य झाले तेव्हा ते पाहण्यास ते राहिले नव्हते.

बंधू लालचंद हिराचंद आदींनी कारखाना पुढे नेला. इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ पासून आलेली फियाट ११०० मध्यमवर्गाच्या मनात घर करून बसली, आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तोवर तिचे जवळजवळ सर्व भाग देशात तयार होत होते. या अर्थी वालचंदांची प्रतिज्ञा पूर्ण झाली. तथापि येथेच तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परदेशी गाड्यांना दार बंद झाल्याने ग्राहकाला गाडीसाठी अनेक वर्षे नंबर लावून थांबावे लागे, आणि कारखान्याला गाडी सुधारण्याची निकड उरली नाही. १९५० च्या दशकातील आराखडा शतकाच्या अखेरीपर्यंत चालविला गेला. स्पर्धेच्या भीतीविना वाढलेल्या या उद्योगाला डिसेंबर १९८३ मध्ये जपानच्या सुझुकीच्या तंत्राने आलेल्या मारुतीने पहिला धक्का दिला, आणि १९९१ नंतरच्या खुल्या धोरणाने दुसरा. फ्रान्सच्या प्यूजोशी केलेली भागीदारी अल्पकाळात संपली. वालचंदांनी मागितले होते ते शिकण्यापुरते संरक्षण; पुढच्या पिढ्यांनी आणि शासनाने त्याची सवय केली, असे म्हणावे लागते. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निघाली.

मात्र त्या काळात शिकलेली विद्या वाया गेली नाही. पुणे, नाशिक, औरंगाबाद या पट्ट्यात सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांची जी वस्ती वाढली, तिच्या बळावरच पुढे परदेशी कंपन्या येथे येऊ शकल्या. आपल्याच जिल्ह्यातील जैन समाजाच्या फिरोदिया कुटुंबाने जर्मन सहकार्याने टेम्पो आणि पुढे लुना ही वाहने घरोघरी पोहोचविली, तीही याच परंपरेतील होत.

१९५४ मध्ये गेलेली फोर्ड १९९० च्या दशकात महिंद्रांच्या भागीदारीत नाशिकमार्गे परतली आणि २०२१ मध्ये तिने येथील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना उघडला. २०२० च्या अखेरीस तोही थांबला आणि पुढे कोरियाच्या ह्युंदाईने तो घेतला. उलट टाटांनी २००८ मध्ये इंग्लंडची जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. पुणे–नगर रस्त्यावर रांजणगावला टाटा व फियाट यांच्या भागीदारीचा कारखाना आहे. तेथे टाटांची देशी म्हणून घेतली जाणारी नेक्सॉन तयार होते आणि परदेशी म्हणून ओळखली जाणारी जीप कंपासही. त्या जीपगाड्या तेथून परदेशांतही गेल्या. क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो या प्रीमियरच्या तिन्ही परदेशी सहकारी कंपन्या २०२१ मध्ये स्टेलांटिस या एकाच कंपनीत एकत्र आल्या, आणि रांजणगावातील फियाटची भागीदारी आता तिच्याकडेच आहे. प्रीमियरचे नाव मात्र आता रस्त्यावर येणाऱ्या कोणत्याही नव्या गाडीवर दिसत नाही.