अलेखिन : बुद्धिबळाचा राजा आणि एक डाग

बुद्धिबळाचा नाद असलेल्या आमच्या वाचकांना अलेक्झांडर अलेखिन हे नाव नवे नाही. त्याचे डाव आजही अभ्यासले जातात. परंतु आपण यहुदी लोकांनी हे नाव घेताना थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

अलेखिनचा जन्म १८९२ साली मॉस्कोत एका श्रीमंत घराण्यात झाला. क्रांतीनंतर १९२१ साली त्याने रशिया सोडला व पुढे तो फ्रान्सचा नागरिक झाला. १९२७ साली ब्यूनॉस आयर्स येथे, ३४ डाव चाललेल्या सामन्यात, अजिंक्य समजल्या जाणाऱ्या कापाब्लांकाला हरवून तो जगज्जेता झाला. कापाब्लांकाला परतीचा सामना मात्र त्याने कधीच दिला नाही. १९३५ साली हॉलंडच्या मॅक्स यूव्हेकडून तो हरला. दारूला आवर घालून १९३७ साली त्याने ते पद परत मिळविले.

मार्च १९४१ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, एका जर्मन वर्तमानपत्रात त्याच्या नावाने लेख आले. आर्यांचा खेळ शूर आणि यहुद्यांचा भित्रा, असा त्यांचा सारांश. स्टाइनिट्झ, लास्कर, रुबिनस्टाइन या आपल्या थोर खेळाडूंची त्यात निंदा होती. लास्कर २७ वर्षे जगज्जेते होते. नाझींमुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि जानेवारी १९४१ मध्येच ते न्यूयॉर्कला वारले होते. पोलंडचे यहुदी खेळाडू प्शेपिउर्का यांना नाझींनी १९४० सालीच ठार केले होते.

युद्धानंतर अलेखिनने खुलासा केला की, देशाबाहेर जाण्याच्या परवान्यासाठी आपण लिहिले, पण मजकूर नाझींनी बदलला. तसे असेलही. परंतु नाझींच्या छत्राखाली म्युनिक, साल्झबुर्ग, प्राग येथे तो खेळत राहिला, हे तर खरेच.

बॉटविनिक या यहुदी खेळाडूनेच पुढे त्याला सामन्याचे आव्हान दिले. बोलणी ठरत आली असता मार्च १९४६ मध्ये पोर्तुगालमधील एका हॉटेलात अलेखिन एकटाच मरण पावला. तेव्हाही तो जगज्जेता होता.

माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची क्षमा मागितल्याशिवाय योम किप्पूरलाही धुतला जात नाही, असे आपला धर्म सांगतो. लास्कर तर आधीच गेले होते. तेव्हा माफी देणारे आम्ही कोण?

मुलांना अलेखिनचे डाव जरूर दाखवावे. मात्र त्याच पटावर लास्कर व रुबिनस्टाइन यांचेही डाव मांडावे. भित्रा खेळ कोणता, ते मुलेच ठरवतील.