नऊ अंक आणि एक शून्य

इटलीतील पिसा नगरीत सुमारे ११७० साली लिओनार्दोचा जन्म झाला. जग त्यास आज फिबोनाची या नावाने ओळखते. त्याचे सशांच्या जोड्यांचे कोडे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याचे खरे मोठे कार्य बाजारातील साध्या हिशेबाचे आहे. त्याचीच ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्या काळी युरोपात रोमन अंक रूढ होते. अडतीस ही संख्या लिहावयास सात चिन्हे लागत. अशा अंकांनी कागदावर गुणाकार-भागाकार करणे फार जिकिरीचे. म्हणून व्यापारी फळ्यावर सोंगट्या मांडून हिशेब करीत आणि केवळ उत्तर लिहून ठेवीत. मांडणी मोडली की चूक कोठे झाली हे शोधण्यास मार्गच उरत नसे. त्यातून २० नाण्यांचे एक व १२ नाण्यांचे एक अशी चलनाची विभागणी. १९५७ पूर्वीचे रुपये-आणे-पै ज्यांनी मोजले, त्यांना ही अडचण सांगावयास नको.

लिओनार्दोचे वडील उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात, म्हणजे आजच्या अल्जीरियात, पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीच्या कचेरीत काम करीत. त्यांनी मुलास तेथे बोलावून हिशेब शिकावयास घातले. आपल्या देशात जन्मलेले नऊ अंक व शून्य अरब पंडितांच्या ग्रंथांतून तोवर तेथे पोहोचले होते. लिओनार्दो त्यांच्या प्रेमातच पडला. पुढे इजिप्त, सिरिया, ग्रीस, सिसिली असा प्रवास करीत असताना तेथील जाणकारांकडून त्याने ही विद्या पक्की केली.

१२०२ साली त्याने 'लिबेर अबाची' हा ग्रंथ लिहिला. प्रारंभी अंकलेखन, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार व अपूर्णांक. त्यानंतर मालाचे भाव, वस्तूंची अदलाबदल, भागीदारीतील नफ्याची वाटणी, नाण्यांतील धातूंचे मिश्रण. उत्तर पडताळून पाहण्यासाठी नऊ टाकून ताळा घेण्याची रीतही त्याने दिली. ३८ गुणिले २४ बरोबर ९१२, हे उदाहरण आपण घेऊ. ३८ च्या अंकांची बेरीज ११, तिच्या अंकांची २. २४ च्या अंकांची ६. दोन साहे बारा, म्हणजे ३. आणि ९१२ चाही ताळा ३ च! मात्र चुकून ९२१ लिहिले तरी ताळा ३ च येतो, म्हणून डोळे उघडे ठेवावेच लागतात.

नव्या अंकांचे स्वागत सर्वत्र झाले नाही. १२९९ साली फ्लॉरेन्समधील सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत त्यांचा वापर करण्यास बंदी घातली. शून्याचा सहा किंवा नऊ सहज करता येईल, ही भीती त्यामागे होती असे सांगतात. तरीही इटलीतील नगरांत व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी हिशेबाच्या शाळा निघाल्या आणि हे अंक दुकानादुकानांत शिरले. सुमारे १२४० साली पिसा नगरीने हिशेबाच्या कामातील सेवेबद्दल लिओनार्दोस वार्षिक मानधन बांधून दिले. त्यानंतर त्याचा वृत्तांत मिळत नाही.

सम्राट दुसरा फ्रेडरिक ज्याच्या बुद्धीचे कौतुक करी, त्या गणितज्ञास वाण्याचा हिशेब शिकविणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आकडा लिहिता येणे निराळे आणि तो पारखून घेता येणे निराळे. दुकानदाराने दिलेली पावती घडी घालून खिशात ठेवण्यापूर्वी आपण ती एकदा स्वतः जुळवून पाहतो काय? तेवढे जरी आपल्या हातून घडले, तरी सातासमुद्रांपलीकडे हिंडून आलेले आपलेच अंक खऱ्या अर्थाने घरी परतले, असे आम्ही म्हणू.