पेनीच्या पाकिटापासून सुवर्णचषकापर्यंत : सॅम्युएल रायडर

सेक्टर २२, चंदीगड : गोल्फ हा एकट्याने खेळायचा खेळ. त्यात संघ, देश आणि झेंडा यांना स्थान मिळवून देणारी स्पर्धा म्हणून रायडर चषकाचे नाव जगभर घेतले जाते. युरोप आणि अमेरिका यांच्या संघांत दर दोन वर्षांनी होणाऱ्या या लढतीत विजेत्या संघाला रोख बक्षीस नसते. वाट्याला येतो तो केवळ १७ इंच उंचीचा एक सोनेरी चषक. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते सॅम्युएल रायडर मात्र नामांकित खेळाडू नव्हते, उमराव नव्हते आणि वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांचा गोल्फशी संबंधही नव्हता. ते बियाणे विकणारे व्यापारी होते.

माळ्याच्या घरातून

रायडर यांचा जन्म २४ मार्च १८५८ रोजी इंग्लंडमधील लँकेशर परगण्यात, प्रेस्टन शहराजवळील वॉल्टन-ले-डेल या गावी झाला. वडील बागकाम व रोपांच्या व्यवसायात होते. आई शिवणकाम करीत असे. तरुण सॅम्युएल वडिलांच्या धंद्यात शिरले. बियाणे स्वस्तात आणि लहान पाकिटांतून विकावे, म्हणजे ज्याच्या घरामागे जेमतेम दोन वाफे आहेत अशा कामगारालाही ते परवडेल, अशी त्यांची कल्पना होती. ती वडिलांना पटली नाही. पुढे रायडर दक्षिणेकडे, लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट ऑल्बन्स या गावी स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी ती स्वतःच्या बळावर अमलात आणली.

एका पाकिटाची किंमत एक पेनी. मागणी टपालाने यायची आणि मालही टपालानेच जायचा. आरंभी घरच्या मंडळींच्या मदतीने पाकिटे भरली जात. पाकिटे शुक्रवारी टपालात टाकली जात, म्हणजे शनिवारी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर घरी परतलेल्या कामगाराच्या हाती ती पडत, असे सांगितले जाते. व्यवसाय फोफावला. रायडर गावातील प्रतिष्ठित गृहस्थ झाले. चर्चच्या कामात त्यांचा पुढाकार असे आणि १९०५ मध्ये ते सेंट ऑल्बन्सचे महापौर झाले.

पन्नाशीतील विद्यार्थी

अतिश्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा मोकळ्या हवेत फिरावे आणि त्यासाठी गोल्फ खेळावे, असा सल्ला त्यांना एका धर्मोपदेशक मित्राने दिला. क्रिकेटची आवड असलेल्या रायडर यांना तो प्रथम फारसा रुचला नाही. मात्र एकदा हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी शिकवण्यासाठी व्यावसायिक गोल्फपटू नेमला आणि रविवार वगळता आठवड्याचे सहा दिवस घराच्या आवारात सराव केला. हात बसल्यावरच ते क्लबचे दार ठोठावण्यास गेले. १९१० मध्ये ते व्हेरुलम गोल्फ क्लबचे सदस्य झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे कर्णधार.

या काळात त्यांना खेळाची दुसरी बाजू दिसली. इंग्लंडमधील गोल्फ दोन वर्गांत विभागलेला होता. हौशी खेळाडू म्हणजे सुखवस्तू सद्गृहस्थ. क्लब दुरुस्त करणारा, सदस्यांना शिकवणारा आणि त्यावर पोट भरणारा व्यावसायिक हा मात्र नोकर समजला जाई. अनेक क्लबांत त्याला क्लबहाउसमध्ये प्रवेशही नसे. १९२० च्या ब्रिटिश ओपनसाठी डील येथे आलेला अमेरिकेचा वॉल्टर हेगन याने क्लबहाउसबाहेर भाड्याची आलिशान मोटार उभी केली आणि तिचाच कपडे बदलण्याची खोली म्हणून वापर केला, तो याच अपमानाच्या निषेधार्थ. हौशी खेळाडूंसाठी इंग्लंड-अमेरिका सांघिक स्पर्धा, म्हणजे वॉकर चषक, १९२२ मध्ये सुरू झाली. व्यावसायिकांसाठी तसे काही नव्हते.

रायडर यांनी भाऊ जेम्स यांच्यासह औषधी वनस्पतींच्या विक्रीसाठी ‘हीथ अँड हेदर’ ही संस्था काढली होती. तिच्या नावाने १९२३ मध्ये त्यांनी व्हेरुलम येथे व्यावसायिकांची स्पर्धा भरवली. त्यातील नामवंतांपैकी एब मिचेल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. मिचेल हे ब्रिटिश ओपन कधीही न जिंकलेले, तरीही आपल्या काळातील श्रेष्ठ खेळाडूंत गणले जाणारे गोल्फपटू होते. क्लबच्या नोकरीच्या कामातून मोकळे होऊन त्यांना स्पर्धांची तयारी करता यावी, म्हणून रायडर यांनी १९२५ मध्ये त्यांना वार्षिक मानधनावर आपले खासगी शिक्षक नेमले.

वेंटवर्थ आणि चहाचा पेला

जून १९२६ मध्ये वेंटवर्थ येथे ब्रिटन आणि अमेरिकेच्या व्यावसायिकांमध्ये दोन दिवसांची लढत झाली. पहिल्या दिवशी फोरसम्स, म्हणजे दोघा-दोघांच्या जोड्यांनी एकाच चेंडूवर आळीपाळीने खेळायचे सामने. दुसऱ्या दिवशी एकेरी. प्रत्येक सामना ३६ होलचा होता. खेळाडूची आघाडी उरलेल्या होलपेक्षा मोठी झाली की सामना तेथेच संपतो. दहा होलची आघाडी असताना आठ होल शिल्लक असतील, तर निकाल ‘१० आणि ८’ असा लिहिला जातो.

मिचेल आणि जॉर्ज डंकन यांनी हेगन व जिम बार्न्स या जोडीला ९ आणि ८ असे हरवले. एकेरीत मिचेल यांनी आदल्या वर्षीचा ब्रिटिश ओपन विजेता बार्न्स याला ८ आणि ७ असे नमवले. ब्रिटनने ही लढत १३½–१½ अशी जिंकली. सामन्यानंतर रायडर काही खेळाडूंसह चहाला बसले. अशा भेटी नियमित व्हाव्यात, असे बोलणे निघाले. चषक द्यावा, अशी सूचना डंकन यांनी केली आणि रायडर यांनी ती तत्काळ मान्य केली, असा या स्पर्धेचा जन्मवृत्तान्त सांगितला जातो. सुमारे २५० पौंड खर्चून सुवर्णचषक घडवण्यात आला. त्याच्या झाकणावर चेंडू मारण्याच्या पवित्र्यातील गोल्फपटूची छोटी मूर्ती आहे. ती एब मिचेल यांची.

अमेरिकी संघातील अनेक खेळाडू त्या देशात जन्मलेले नव्हते. त्यामुळे वेंटवर्थची लढत अधिकृत धरली गेली नाही. पहिला अधिकृत सामना जून १९२७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर येथे ठरला. प्रवासखर्चासाठी वर्गणी काढण्यात आली. ती अपुरी पडली तेव्हा तूट भरून काढण्यास रायडर पुढे आले. कर्णधार मिचेल यांचे नाव पक्के होते. परंतु प्रस्थानाच्या तोंडावर त्यांना अपेंडिसायटिसचा त्रास झाला आणि ते इंग्लंडमध्येच राहिले. ज्याची प्रतिमा चषकावर, तोच पहिल्या स्पर्धेत नाही. टेड रे यांनी नेतृत्व केले. अमेरिका ९½–२½ अशी जिंकली.

हिकरीच्या काठ्या आणि दहा होलचा पराभव

१९२९ च्या एप्रिलमध्ये लीड्सजवळील मूरटाउन येथे स्पर्धा प्रथमच ब्रिटिश भूमीवर आली. ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांच्या क्लबना तोपर्यंत मान्यता नव्हती. त्यामुळे अमेरिकी खेळाडूंना हिकरी लाकडाच्या दांड्यांनी खेळावे लागले. पहिल्या दिवसअखेर अमेरिका २½–१½ अशी पुढे होती. एकेरीत कर्णधार हेगन यांची गाठ ब्रिटिश कर्णधार डंकन यांच्याशी पडली. हा गुण आपलाच, असे हेगन गृहीत धरून होते, अशी आख्यायिका आहे. डंकन यांनी त्यांना १० आणि ८ असे चिरडले. लिओ डीगल याच्याकडून मिचेल ९ आणि ८ असे हरले. पण २२ वर्षांच्या हेन्री कॉटनने ॲल वॉट्रस याला ४ आणि ३ असे नमवले. ब्रिटनने चषक ७–५ असा जिंकला.

यानंतर एक अडचण पुढे आली. संघातील खेळाडू त्या देशात जन्मलेला असावा आणि तेथेच राहणारा असावा, अशी अट घालण्यात आली. त्यामुळे परदेशी क्लबांत नोकरी करणारे पर्सी ॲलिस आणि ऑब्री बूमर १९३१ च्या संघातून वगळले गेले. स्पर्धेनंतर अमेरिकेत थांबून खेळण्याची मुभा मागणाऱ्या कॉटनचाही संघात समावेश झाला नाही. ओहायोतील सायोटो येथे, प्रखर उन्हाळ्यात, ब्रिटनचा ९–३ असा पराभव झाला. खेळाडूंना मान मिळवून देण्यासाठी सुरू झालेली स्पर्धा पोटासाठी परदेशी गेलेल्या खेळाडूला दार बंद करीत होती, हा विरोधाभास तेव्हाही अनेकांना खटकला.

रायडर यांनी पाहिलेला सर्वांत चुरशीचा सामना १९३३ चा. साउथपोर्ट येथे ४६ वर्षांच्या मिचेल यांनी ऑलिन डुट्राला ९ आणि ८ असे हरवले. शेवटी सर्व काही सिड ईस्टरब्रुक आणि डेन्स्मोर श्यूट यांच्या सामन्यावर येऊन ठेपले. दोघे ३६ व्या होलपर्यंत बरोबरीत होते. श्यूटला अखेरच्या हिरवळीवर तीन पट लागले, ईस्टरब्रुकने आपला पट अचूक घातला आणि ब्रिटन ६½–५½ असा विजयी झाला. श्यूटने दोन पटांत होल पूर्ण केला असता, तर लढत बरोबरीत सुटून चषक अमेरिकेकडेच राहिला असता.

मृत्यूनंतर

२ जानेवारी १९३६ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी रायडर यांचे लंडनमध्ये निधन झाले. सेंट ऑल्बन्समधील हॅटफील्ड रोड दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला. त्यांचा आवडता क्लब, म्हणजे मॅशी, सोबत ठेवण्यात आला होता, असे सांगितले जाते.

त्यानंतर स्पर्धेने दीर्घ काळ एकतर्फी वळण घेतले. १९३५ ते १९८३ या काळात अमेरिकेला केवळ १९५७ मध्ये पराभव पत्करावा लागला आणि १९६९ मध्ये बरोबरी झाली. तोल साधण्यासाठी १९७९ पासून ब्रिटनऐवजी संपूर्ण युरोपचा संघ उतरू लागला. स्पेनमधील पेद्रेन्या या खेड्यातील, कॅडीगिरी करीत वाढलेला सेव्हे बायेस्तेरोस त्यामुळेच या स्पर्धेत आला आणि १९८५ मध्ये युरोपने चषक मिळवला. जन्म आणि निवासाची अट शिथिल झाली, तेव्हाच रायडर यांच्या स्पर्धेला नवे आयुष्य लाभले.

भारताच्या दृष्टीने ही अट आजही जिवंत आहे. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या इंग्लिश वास्तुविशारदांच्या हातून सेक्टर २२ आकाराला आलेल्या चंदीगडमध्येच जीव मिल्खा सिंग यांचा जन्म झाला. शहराच्या सेक्टर ६ मधील गोल्फ क्लबशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी २००६ मध्ये स्पेनमधील व्हाल्डेरामा येथे व्होल्वो मास्टर्स जिंकली. ज्या मैदानावर १९९७ चा रायडर चषक झाला, तेच हे मैदान. जुलै २०१२ मध्ये त्यांनी स्कॉटिश ओपनच्या प्लेऑफमध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोलिनारीला हरवले. अवघ्या अडीच महिन्यांनी मोलिनारी मेदिना येथे टायगर वुड्सविरुद्ध अखेरचा सामना बरोबरीत सोडवून युरोपच्या १४½–१३½ अशा विजयात वाटेकरी झाला. युरोपीय टूरवर चार विजेतेपदे मिळवणाऱ्या जीव यांना मात्र नागरिकत्वाच्या नियमामुळे त्या संघाचे दार कधीच उघडे नव्हते.

पेनीच्या पाकिटांतून रायडर यांनी मोठ्या बागांच्या मालकांपुरते असलेले बियाणे कामगाराच्या परसात पोहोचवले होते. क्लबहाउसबाहेर उभ्या असलेल्या व्यावसायिकाला त्यांनी देशाच्या संघात जागा मिळवून दिली. युरोप आणि अमेरिका यांच्या पलीकडे मात्र ही स्पर्धा अद्याप गेलेली नाही.