चाकूचा गुन्हा आणि बेकारियाचा धडा

भांडणांत चाकू चालविणारास तुरुंगांत धाडावें कीं नाहीं, हा वाद करणारांनीं सेझारे बेकारियाचें चरित्र अवश्य पाहावें, असें आम्हांस वाटतें. हा गृहस्थ १७३८ सालीं मिलान शहरीं सरदार घराण्यांत जन्मला व पाव्हिया येथें कायदा शिकला. त्या काळीं युरोपांत कबुलीसाठीं आरोपींचे हाल करीत व चोरीसही फांशी देत. राजरोष ओढवेल या भीतीनें त्यानें १७६४ सालीं आपला ग्रंथ निनांवी छापिला. शिक्षेची जरब तिच्या क्रौर्यांत नसून ती खात्रीनें व सत्वर होण्यांत आहे, हें त्यानें त्यांत सिद्ध केलें. १७८६ सालीं टस्कनींत फांशी रद्द झाली. १७९४ सालीं बेकारिया वारला.

आमच्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंत जाणूनबुजून धारदार हत्यारानें दुखापत करणारास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण खटलाच वर्षानुवर्षें रखडला, तर त्या कलमाचा धाक कोणास वाटणार? जखमीस न्याय नाहीं व गुन्हेगारास पश्चात्ताप नाहीं! चाकू चालविणारास कैद व्हावीच. मात्र ती गुन्ह्याच्या मापाची, निश्चित व सत्वर व्हावी. मुदत वाढविण्यापूर्वीं सरकारनें विलंब तोडावा.