डॉन बॉस्को यांचें घर

इटली देशाच्या वायव्य भागांत पीडमाँट नांवाचा प्रांत आहे. त्या प्रांतांतील बेक्की नांवाच्या लहानशा वाडींत १६ ऑगस्ट १८१५ रोजीं जॉन बॉस्को यांचा जन्म झाला. वडील शेतकरी होते. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तोंच ते वारले, आणि आई मार्गारेता हिच्यावर तीन मुलें व वृद्ध सासू यांचा भार पडला. पुढें धर्मगुरु झाल्यावर लोक जॉनला डॉन बॉस्को म्हणूं लागले. डॉन ही इटलींत धर्मगुरूंच्या नांवामागें लागणारी मानाची उपाधि होय. आपण फादर म्हणतों तशीच.

मुलांवर माया करणारा साधु अशी ह्या संताची ख्याति आहे, आणि ती खरीच आहे. परंतु मायाळू माणसें जगांत पुष्कळ असतात. डॉन बॉस्को यांनीं जें केलें तें अधिक अवघड होतें. त्यांनीं मुलांवर विश्वास टाकला, आणि शेंकडों मुलांच्या घराची जबाबदारी बऱ्याच अंशीं मुलांच्याच खांद्यांवर ठेवून पाहिली. त्यांचें चरित्र येथें मुख्यतः ह्याच दृष्टीनें सांगावयाचें आहे.

जॉन लहानपणापासून खेळगडी जमविण्यांत पटाईत होता. जत्रेंत डोंबारी व जादूगार येत. त्यांच्याकडे तो टक लावून पाही आणि घरीं येऊन तेच खेळ पडत झडत शिके. रविवारीं घराजवळच्या कुरणांत दोन झाडांना दोर बांधून तो त्यावर चाले, कोलांट्या मारी, हातचलाखीचे प्रयोग करी. शेजारपाजारचीं लहानथोर माणसें पाहावयास जमत. तिकीट एवढेंच कीं, खेळापूर्वीं सर्वांनीं त्याच्याबरोबर जपमाळेची प्रार्थना म्हणावी व सकाळीं देवळांत झालेला उपदेश त्याच्या तोंडून पुन्हां ऐकावा. प्रार्थनेस नकार देणाऱ्यास खेळ नाहीं, हा नियम तें दहा-अकरा वर्षांचें पोर मोठ्या माणसांनाही लावीत असे.

शिक्षण मात्र सुखासुखीं मिळालें नाहीं. सावत्र भाऊ अँटनी ह्यास त्याचीं पुस्तकें डोळ्यांसमोर नको असत. शेतावर राबणाऱ्यास अक्षरें कशाला, असें त्याचें मत. घरांतला तंटा मिटावा म्हणून आईनें काळजावर दगड ठेवून जॉनला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठविलें. सोळा वर्षांचा झाल्यावर, १८३१ सालीं, तो किएरी गांवच्या शाळेंत आला आणि आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या बांकावर बसला. खर्च भागविण्यासाठीं त्यानें कॉफीगृहांत चाकरी केली आणि शिंप्याजवळ सुईदोरा धरावयास तो शिकला. हीं कामें पुढें फार उपयोगीं पडलीं.

किएरीस असतांना १८३२ सालीं जॉननें आपल्या सोबत्यांचें एक मंडळ काढलें व त्याला आनंदमंडळ असें नांव दिलें. नियम दोनच होते. ख्रिस्ती माणसास न शोभेल असें बोलूं-वागूं नये, हा एक; आणि अभ्यासांत व धर्माचरणांत कसूर करूं नये, हा दुसरा. मनाला खिन्न करील असें कांहीं मंडळांत आणावयाचें नाहीं, आणि आनंद देणारे खेळ व पुस्तकें प्रत्येकानें शोधून आणावयाचीं. एकदां एक फिरता कसरतपटू ऐन देवळाच्या वेळीं खेळ मांडून मुलांना ओढून नेऊं लागला. जॉननें त्याच्याशीं पैज लावली. धांवणें, ओढ्यावरून उडी, काठीचा खेळ व झाडावर चढणें अशा चारही खेळांत त्यानें त्याला हरविलें. बिचाऱ्याची सारी पुंजी मुलांच्या हातीं आली. तेव्हां जॉन व त्याच्या सोबत्यांनीं, मंडळाला एक जेवण द्यावें एवढ्याच अटीवर ती रक्कम परत केली. हा सारा कारभार मुलांनीं मुलांसाठीं चालविला होता. कोणा शिक्षकानें तो त्यांच्यावर लादला नव्हता. पुढें आयुष्यभर डॉन बॉस्को यांनीं जें केलें त्याचें बीज येथें आहे.

५ जून १८४१ रोजीं ते धर्मगुरु झाले आणि तुरिन शहरांत राहूं लागले. त्या काळीं डोंगराळ भागांतून शेंकडों पोरें ह्या शहरांत मोलमजुरीस येत. कोणी गवंड्याच्या हाताखालीं विटा वाही, कोणी धुराडीं साफ करी. रात्रीं निजावयास जागा नाहीं, आजारीपणीं विचारणारें कोणी नाहीं. डॉन बॉस्को तुरुंगांत कैद्यांना भेटावयास जात, तेव्हां धट्टींकट्टीं, हुशार पोरें तेथें कुजत पडलेलीं त्यांना दिसत. सुटलेलीं मुलें थोड्याच दिवसांत परत तेथेंच आलेलीं पाहून त्यांच्या मनाला फार लागे. बाहेर पडल्यावर भेटावयाला एखादें जिव्हाळ्याचें माणूस असतें, तर हीं परत आलीं असतीं काय, हा विचार त्यांना सुटेना.

८ डिसेंबर १८४१ रोजीं ते मिस्सेची वस्त्रें घालीत असतां देवळाच्या सेवकानें एका अनोळखी मुलाला काठीनें बडवून हाकलून दिलें. मिस्सेच्या वेळीं धर्मगुरूंजवळ सेवा करावयास त्याला येत नव्हतें, हाच त्याचा गुन्हा. डॉन बॉस्को यांनीं त्याला परत बोलाविलें. बार्थोलोम्यू गारेल्ली हें त्याचें नांव. वय सोळा, आईबाप नाहींत, गवंडीकाम करणारा, अक्षरशत्रु. तुला वाचतां येतें का, लिहितां येतें का, गातां येतें का, ह्या सर्व प्रश्नांना त्याचें उत्तर नकाराचें. शेवटीं, शीळ तरी घालतां येते का, असें विचारतांच पोर हंसलें. त्या दिवशीं आरंभ झालेल्या रविवारच्या मेळाव्यांत चार-पांच वर्षांत शेंकडों मुलें येऊं लागलीं.

एवढीं मुलें ठेवावीं कोठें? जेथें जावें तेथें शेजारी गोंगाटाची तक्रार करीत आणि जागामालक हाकलून देत. डॉन बॉस्को यांना वेड लागलें आहे अशीही बोलवा उठली. अखेरीस १२ एप्रिल १८४६ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं, तुरिनच्या वाल्डोक्को भागांत एक ठेंगणी पडवी भाड्यानें मिळाली. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अतिश्रमानें ते मरणाच्या दारीं पोंचले. तेव्हां त्या मजूर पोरांनीं जें केलें तें विसरण्यासारखें नाहीं. दिवसभर उन्हांत विटा वाहून कित्येक मुलें नुसत्या पाव-पाण्यावर राहिलीं आणि पाळीपाळीनें देवळांत प्रार्थना करीत बसलीं. डॉन बॉस्को वांचले. आपलें पुढचें आयुष्य ह्या मुलांनीं मिळवून दिलें आहे, तेव्हां तें त्यांचेंच, असें ते मानीत.

त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत त्यांची आई मार्गारेता आपलें शेतघर सोडून मुलाबरोबर वाल्डोक्कोस राहावयास आली. वय अठ्ठावन्न. पुढल्या वर्षीं घरांत निराधार मुलें राहूं लागलीं. त्यांचें रांधणें, शिवणें, धुणें सर्व तिच्याकडे आलें. मागच्या अंगणांत तिनें भाजीचा मळा केला होता. एकदां मुलांनीं लढाईचा खेळ मांडला आणि खोट्या शिपायांनीं तो सारा मळा तुडवून टाकला. म्हातारी हताश झाली आणि आपण बेक्कीस परत जातों म्हणाली. डॉन बॉस्को कांहीं न बोलतां भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहूं लागले. तिनेंही तिकडे पाहिलें, डोळे पुसले आणि ती पुन्हां कामाला लागली. १८५६ सालीं मरण येईपर्यंत ती त्याच घरांत राहिली. चरित्रग्रंथांत तिला मिळणारी जागा मला नेहमीं अपुरी वाटते.

कामावर जाणाऱ्या मुलांसाठीं डॉन बॉस्को मालकांशीं लेखी करार करूं लागले. ८ फेब्रुवारी १८५२ रोजीं एका सुताराशीं केलेला असा एक करार उपलब्ध आहे. मुलाला धंदा नीट शिकवावा, चुकल्यास शब्दांनीं समज द्यावी पण हात उगारूं नये, धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत, सणावारीं सुटी द्यावी, अशा त्यांतील अटी आहेत. उमेदवारास मारणें हा जेथें मालकाचा हक्कच समजला जाई, तेथें हा कागद लहान नव्हे.

१८५४ च्या उन्हाळ्यांत तुरिनांत पटकीची सांथ आली. वाल्डोक्कोच्या आसपासच्या गरीब वस्तींत माणसें पटापट मरूं लागलीं. घरचे लोकही रोग्याला टाकून पळूं लागले. रुग्णसेवेसाठीं माणसें हवीं होतीं. डॉन बॉस्को यांनीं सर्व मुलांना एकत्र बोलावून स्थिति सांगितली व स्वेच्छेनें कोण येतो तें विचारलें. प्रथम चौदा मुलें पुढें आलीं, आणि थोड्याच दिवसांत आणखी तीस. पापापासून दूर राहा, देवावर भाव ठेवा, असें त्यांनीं मुलांना सांगितलें. त्याबरोबर हात धुण्यासाठीं प्रत्येकाजवळ सिर्क्याची बाटलीही दिली. मुलें रोग्यांना उचलून इस्पितळांत नेत, त्यांचें अंग पुसत, रात्रभर उशाशीं बसत. पांघरुणें कमी पडलीं तेव्हां मार्गारेतेनें घरांतील चादरी दिल्या, आणि त्या संपल्यावर वेदीवरचें वस्त्रही देऊन टाकलें. त्या मुलांपैकीं एकही दगावला नाहीं.

दुसऱ्याच्या मुलांना अशा जागीं नेण्याचा डॉन बॉस्को यांना काय अधिकार, असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनांत येईल. तो योग्यच आहे. त्यांनीं कोणावर सक्ति केली नाहीं आणि स्वतः ते मुलांच्या पुढें होते, एवढेंच त्यावर सांगतां येतें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत डोमिनिक साव्हियो नांवाचा बारा वर्षांचा, प्रकृतीनें नाजूक मुलगा ह्या घरीं आला. एकदां दोन विद्यार्थी दगडांनीं लढावयास मैदानांत गेले असतां तो हातांत क्रूस घेऊन त्यांच्या मध्यें उभा राहिला आणि पहिला दगड मला मारा म्हणाला. भांडण तेथेंच मिटलें. ८ जून १८५६ रोजीं डोमिनिक व त्याच्या सोबत्यांनीं निष्कलंक मरियेच्या नांवानें एक मंडळ स्थापिलें. त्याचे एकवीस नियम मुलांनीं स्वतः लिहिले; डॉन बॉस्को यांनीं ते वाचून मान्यता दिली. आठवड्यांतून एकदां मुलें जमत. नवीन आलेला, एकटा पडणारा, नियम मोडणारा अशा मुलांचीं नांवें निघत आणि एकेका सभासदाकडे एकेक मुलगा सोंपविला जाई. त्यानें त्याच्याशीं खेळावें, बोलावें, अभ्यासांत हात द्यावा. आपण कोणाच्या तरी देखरेखीखालीं आहों, हें त्या मुलाला कळतही नसे. नऊ महिन्यांनीं, ९ मार्च १८५७ रोजीं, डोमिनिक वारला. पंधरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. १९५४ सालीं ख्रिस्तसभेनें त्याला संतपद दिलें.

त्याच वर्षींच्या शरदऋतूंत डॉन बॉस्को कार्मान्योला स्टेशनवर तुरिनच्या गाडीची वाट पाहत होते. सर्वत्र धुकें होतें, आणि धुक्यांतून पोरांचा आरडाओरडा ऐकूं येत होता; त्यांत एक आवाज सर्वांवर हुकूम सोडीत होता. डॉन बॉस्को तिकडे गेले. बाकीचीं पोरें पळालीं, पण तो हुकूम देणारा कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. हा मिखेले मागोने, वय तेरा, बाप वारलेला, शाळेंतून हाकललेला, त्या टोळीचा सेनापति. गाडी येईपर्यंतच्या चार घटकांत डॉन बॉस्को यांनीं त्याला ओळखलें. थोड्याच दिवसांत तो वाल्डोक्कोस आला.

आपल्या वर्गांतील सर्वांत दांडग्या मुलाला वर्गनायक नेमावें काय, हा विचार ज्या शिक्षकाच्या मनांत एकदां तरी आला असेल, त्यानें मागोनेची गोष्ट अवश्य वाचावी. घंटा होतांच वर्गांतून प्रथम बाहेर उसळणारा तोच. परंतु महिनाभरांत तो कोमेजला, खेळांतून अंग काढूं लागला, एकटा रडूं लागला. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठीं नेमलेल्या सोबत्यानें हें ओळखलें. मागोनेनें पापनिवेदन करून मन मोकळें केलें आणि तो पुन्हां पूर्वीचा झाला. आतां त्याचा जोर दुसऱ्या वाटेनें वाहूं लागला. लहानांच्या गाद्या घालणें, जोडे पुसणें, अक्षर न येणाऱ्याचें पत्र लिहून देणें, आजाऱ्याजवळ बसणें, हीं कामें तो आपण होऊन करी. स्वभाव अगदींच मऊ झाला असें मात्र नव्हे. तुरिनच्या भर चौकांत एका मुलाच्या तोंडून देवाची निंदा ऐकतांच त्यानें त्याला दोन थपडा लगावल्या, आणि डॉन बॉस्को यांना मध्यें पडून दोघांना सोडवावें लागलें. त्याचें चरित्र लिहितांना त्यांनीं ही गोष्ट गाळली नाहीं. जानेवारी १८५९ मध्यें मागोने वारला.

त्याच वर्षींच्या १८ डिसेंबर रोजीं डॉन बॉस्को यांच्या खोलींत अठरा जण जमले आणि सालेशियन संघाची स्थापना झाली. जमलेल्यांपैकीं बहुतेक ह्याच घरांत वाढलेले तरुण होते. घर वाढत गेलें. छापखाना, सुतारशाळा, लोहारशाळा झाल्या, मुलांची संख्या शेंकड्यांवर शेंकडे चढली, आणि संघाच्या शाळा इटलीबाहेर अर्जेंटिनापर्यंत पोंचल्या.

परंतु वाढीबरोबर कांहींतरी हरवत होतें. १० मे १८८४ रोजीं रोमहून वाल्डोक्कोस पाठविलेल्या पत्रांत डॉन बॉस्को यांनीं तें उघड लिहिलें आहे. पूर्वीं मधल्या सुटींत शिक्षक मुलांत मिसळून धांवत. आतां ते कडेला उभे राहून आपसांत बोलतात. मुलें खांबाआड घोळक्यानें कुजबुजतात. गुरूंचें भय वाटतें, प्रेम वाटत नाहीं. शिक्षक मुलांच्या आवडी आपल्याशा करीत नाहींत, मग मुलांनीं शिक्षकांच्या आवडी कां कराव्या, असा त्या पत्राचा आशय आहे. स्वतःच्या संस्थेविषयीं, आणि तीही कीर्तीच्या शिखरावर असतांना, असें लिहिणारे संस्थापक थोडे. त्या वेळीं ते अडुसष्ट वर्षांचे होते, पाय सुजले होते, दृष्टि मंदावली होती.

३१ जानेवारी १८८८ रोजीं डॉन बॉस्को वारले, आणि १९३४ सालीं पुनरुत्थानाच्या सणीं त्यांना संत म्हणून जाहीर करण्यांत आलें.

त्यांच्या मागून संघाची धुरा मिखेले रुआ यांच्याकडे आली. हे रुआ लहानपणीं वाल्डोक्कोस येत. एकदां डॉन बॉस्को मुलांना पदकें वांटीत होते. रुआला पोंचावयास उशीर झाला व पदकें संपलीं. तेव्हां डॉन बॉस्को यांनीं आपला डावा तळवा पुढें केला, उजव्या हातानें तो मधोमध कापल्यासारखें केलें आणि अर्धा भाग त्या पोराला देऊं केला. त्याचा अर्थ त्याला तेव्हां कळला नाहीं. आपण दोघे सर्व कांहीं अर्धें अर्धें वांटून घेऊं, असा तो अर्थ पुढें कित्येक वर्षांनीं उलगडला. मरियेच्या मंडळाचे आरंभींचे सभासद असलेले रुआ बावीस वर्षें संघाचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकीर्दींत, १९०६ सालीं, पहिले सालेशियन धर्मगुरु तंजावरास उतरले. आणि पुढें त्यांच्या शाळा मुंबईंत माटुंग्यापर्यंत आल्या.